गणगोताची यादी

जेन ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात एक बारीकशी गोष्ट आहे. लग्न ठरल्याच्या आनंदात बरेच वाचक तिच्यावरून तसेच पुढे जातात. नायिका ॲन एलियट ही बॅरोनेटची मुलगी. सॉमरसेटमधलं केलिंच हॉल हे तिचं माहेर, पिढ्यान् पिढ्यांचं. नायक फ्रेडरिक वेंटवर्थ हा आरमारातला कॅप्टन. त्याच्या मागे ना जमीन, ना घराणं. आठ वर्षांपूर्वी हाच मुलगा एलियटांच्या तोलामोलाचा नाही म्हणून तिने वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याला नकार दिला होता. आता तो परत आलाय, पंचवीस हजार पौंड गाठीला बांधून, आणि लग्न ठरलंय. अशा वेळी कमीपणा कुणाला वाटायचा? ॲनला वाटतो. बापाने सगळं उधळून ठेवलंय. दहा हजार पौंडांत तिचा जो वाटा होता, त्यातलाही थोडाच पैसा आत्ता तिच्या हाती येणार आहे. पण या पैशाची तिला तितकीशी खंत नाही. तिला सलतात ती माणसं. त्याच्याकडे जिवाला जीव देणारे भाऊ-बहीण आहेत, आरमारातले मित्र आहेत, आणि त्या सगळ्यांनी तिला आधीच आपली म्हटलंय. तिच्याकडून त्याला द्यायला, शहाण्या माणसाने ज्याची किंमत करावी, असा एकही नातेवाईक नाही. त्याच्या यादीत घालायला तिच्याजवळ दोनच नावं आहेत, आणि ती दोन्ही मैत्रिणींची.

घराण्याची मुलगी गणगोताच्या बाबतीत कफल्लक निघावी आणि उपऱ्याने तिला गणगोत द्यावं, हा उलटा हिशेब या कादंबरीच्या पोटात आहे. तो ऑस्टिनने कसा मांडत आणला, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी बॅरोनेट म्हणजे कोण ते पाहू. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने 1611 साली हा किताब काढला, तो तिजोरीत पैसा यावा म्हणून. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात तीस शिपाई तीन वर्षं पोसायचे, त्याचा खर्च 1095 पौंड. तेवढे भरा आणि 'सर' व्हा. शिवाय 'सर' बापाकडून मुलाकडे जाणार. मात्र बॅरोनेट हा लॉर्ड नव्हे. त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायला जागा नाही. सामान्यांच्या जिन्यात तो सगळ्यात वर, पण लॉर्ड लोकांची पहिली पायरी त्याच्या डोक्याच्या वर. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाला खाली बघून नाक मुरडावं लागतं आणि वर बघून मान लववावी लागते. ॲनचे वडील सर वॉल्टर एलियट ही दोन्ही कामं मनापासून करतात.

या सर वॉल्टरना करमणुकीसाठी एकच पुस्तक लागतं. ते म्हणजे बॅरोनेटांची वंशावळ. डेब्रेटने असं पुस्तक 1808 मध्ये काढलं होतं, त्याच जातीतलं. कंटाळा आला की ते उघडायचं, मन उदास झालं की तेच, आणि कुठलंही पान उघडलं तरी शेवटी यायचं ते एलियटांच्या पानावर. त्या पानावरचा मजकूर ऑस्टिन आपल्याला वाचायला देते, आणि त्यातल्या एकेका तारखेत ती कथा दडवून ठेवते. सर वॉल्टरचा जन्म 1 मार्च 1760. लग्न 15 जुलै 1784. मुलगी एलिझाबेथ 1785 ची, ॲन 1787 ची, 1789 च्या नोव्हेंबरात जन्मतःच गेलेला एक मुलगा, आणि 1791 ची मेरी. तो एक मुलगा जगता तर पुढची कथाच झाली नसती. तो नाही म्हणून इस्टेट आणि किताब दूरच्या चुलतघराण्यातल्या विल्यम एलियटकडे जाणार आहे, आणि त्याचं नाव पानाच्या शेवटी वारस म्हणून लागलंय. छापलेल्या मजकुरात सर वॉल्टरनी स्वतःच्या हाताने तीनच गोष्टी घातल्या आहेत. एक, मेरीचं लग्न. दुसरी, बायको ज्या दिवशी गेली ती तारीख. तिसरी, हे वारसाचं नाव.

या पानावर ॲन आहे किती? जन्मतारखेपुरती. पुढे कोरं. घरातही तिची तीच गत आहे. तिच्या बोलण्याला वजन नाही, तिची सोय कुणी बघत नाही. थोरल्या एलिझाबेथची तारीखही तशीच एकटी पडलेली, पण ती बापाची लाडकी आणि दिसायला देखणी. एकोणतीस वर्षांची झाली तरी पुढचा रकाना भरत नाही म्हणून ती ते पुस्तक न बघता मिटते आणि दूर सारते. सगळ्या कादंबरीत एलिझाबेथबद्दल मला कणव वाटते ती तेवढ्या एका हालचालीपुरती.

डोक्यावर कर्ज चढल्यावर घर भाड्याने देण्याची वेळ येते, आणि वकील शेफर्ड सुचवतो की लढाया थांबल्यात, आरमारातले पैसेवाले अधिकारी घरं शोधताहेत. हे 1814 चं साल आहे, नेपोलियनला एल्बा बेटावर पाठवल्यानंतरचं. सर वॉल्टरना आरमार दोन कारणांसाठी पटत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना कुणी विचारलं नसतं अशांना ते मोठेपणा मिळवून देतं, आणि ते माणसाचं रूप लवकर नासवतं. दुसऱ्या मुद्द्याला त्यांच्याकडे पुरावा आहे. एका ॲडमिरलचा चेहरा महॉगनी लाकडासारखा झालेला त्यांनी पाहिला, साठीचा असावा म्हणाले, तर तो निघाला चाळिशीचा. हसू येतं. पण दोन्ही हरकतींच्या मुळाशी एकच भीती आहे: आपल्या पुस्तकाबाहेरही माणसं मोठी होऊ लागली आहेत. शेफर्ड बोलता बोलता शेजारच्या गावात पूर्वी राहिलेल्या एका वेंटवर्थचं नाव आठवायला धडपडतो, आणि ते त्याला ॲन सुचवते. सर वॉल्टर म्हणतात, तो होय, तो तर नुसता क्युरेट, स्ट्रॅफर्डच्या वेंटवर्थ घराण्याशी त्याचा काही संबंध नाही. थोरामोठ्यांची आडनावं हल्ली कुणीही लावतं. ज्याच्या भावाबद्दल हे चाललंय त्याच्यासाठी मुलगी आठ वर्षं झुरतेय, हे बापाच्या गावीही नाही.

आता दुसरं पुस्तक. ॲनला या आठ वर्षांत वेंटवर्थचं एकही पत्र नाही, त्याचा उल्लेख करण्याचीही घरात सोय नाही. तरी तो कुठे आहे, कुठल्या पदावर चढला, त्याच्या हाताला काय लागलं हे तिला ठाऊक आहे. कुठून? आरमाराच्या याद्या आणि वर्तमानपत्रं यांतून. नेव्ही लिस्ट म्हणजे अधिकाऱ्यांची छापील यादी: नाव, पद, ज्येष्ठतेची तारीख, कुठल्या जहाजावर. 1814 पासून ती सरकारी परवानगीने जॉन मरे छापू लागला, आणि गंमत अशी की 'एमा' आणि 'पर्सुएशन' छापणाराही तोच. ऑस्टिनच्या हातात ही यादी नेहमीची असणार, कारण तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते. अप्परक्रॉसच्या मस्ग्रोव्ह बहिणी, म्हणजे मेरीच्या नणंदा, वेंटवर्थची जहाजं शोधायला ती यादी घेऊन बसतात तेव्हा त्यांचा खेळ चाललेला असतो. त्याच खोलीत बसलेल्या ॲनला ती यादी पाठ असणार, असं आपल्याला वाटून जातं.

दोन पुस्तकं, दोन्ही नावांच्या याद्या. पहिल्यात माणूस जन्मतो तिथेच त्याचं सगळं लिहून संपतं. नंतर फक्त लग्न आणि मृत्यू. दुसऱ्यात जन्मतारखेला जागाच नाही. लेफ्टनंटची परीक्षा पास हो, कमांडर हो, मग कॅप्टन म्हणून यादीत चढ, आणि तिथून पुढे वरचे जसे गळतील तसा सरकत जा. वेंटवर्थला कमांडर केलं ते 1806 च्या सँतो दोमिंगोच्या लढाईनंतर. पहिलं जहाज मिळालं 'ॲस्प', जुनाट, फुटायला आलेलं. त्यावरून त्याने शत्रूची जहाजं धरली, मग 'लॅकोनिया' मिळालं, आणि पकडलेल्या जहाजांच्या किमतीतला कॅप्टनचा वाटा साठत साठत पंचवीस हजारांवर गेला.

इथपर्यंत येऊन बरेच जण थांबतात आणि म्हणतात, ऑस्टिनने कुळाच्या विरुद्ध कर्तबगारी उभी केली, संपलं. मला ते अपुरं वाटतं, कारण ऑस्टिन भोळी नव्हती. आरमारातही वशिला चालतो हे तिला घरातूनच माहीत होतं. 1798 च्या डिसेंबरात तिच्या वडिलांनी मुलांच्या बढतीसाठी ॲडमिरल गॅम्बियरला पत्र घातलं होतं, आणि आलेल्या उत्तराची बातमी ती बहिणीला आनंदाने कळवते. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये विल्यम प्राइस लेफ्टनंट होतो तो एका ॲडमिरलच्या पुतण्याने शब्द टाकला म्हणून, आणि त्या उपकाराची वसुली विल्यमच्या बहिणीकडून करण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे दुसरी यादी निर्मळ नाही. नशिबाचाही भाग असतोच. फ्रान्सिस ऑस्टिन 1805 मध्ये ट्रफाल्गरला हवा होता. पण त्याचं जहाज नेमकं जिब्राल्टरकडे रसदपाण्यासाठी गेलेलं, आणि ती लढाई हुकली. सँतो दोमिंगोला मात्र तो होता. तीच लढाई लेखिकेने आपल्या नायकाला दिली.

मग फरक कुठे आहे? यादीतल्या लोकांचं एकमेकांशी नातं काय, तिथे. वंशावळीतली माणसं एका पानावर असतात, पण एकमेकांशी त्यांचं काही देणंघेणं असेलच असं नाही. जहाजावरच्या माणसांना एकमेकांशिवाय चालत नाही. हे ऑस्टिन भाषणातून सांगत नाही, लाइम गावात नेऊन दाखवते. कॅप्टन हार्विल तिथे समुद्राकाठी भाड्याच्या घरात राहतो. पायाला जखम, तब्येत खालावलेली, पैसा बेताचा. खोल्या इतक्या लहान की इतकी माणसं आत मावतील असं, मनापासून बोलावणाऱ्यालाच वाटू शकेल. तरी पाहुण्यांनी खानावळीत जेवायचं ठरवलंय हे ऐकून हार्विल नवरा-बायकोला वाईट वाटतं. वेंटवर्थने आपली माणसं आणली, ती आपल्याकडे जेवणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं. घरात भाड्याचं सामान्य फर्निचर, आणि त्यात हार्विलने हाताने केलेल्या फळ्या, दूरदेशांतून आणलेल्या चिजा, मुलांसाठी बनवलेली खेळणी. वाऱ्या-वादळाला तोंड द्यायला खिडक्या-दारं त्याने स्वतः बंदोबस्ताने बसवली आहेत. दुसरं काही काम नसेल तर कोपऱ्यात बसून तो मासे धरायचं जाळं विणतो. ॲन हे बघते आणि तिच्या मनात येतं, ही सगळी माझी माणसं झाली असती.

हार्विलच तिला वेंटवर्थची एक गोष्ट सांगतो. हार्विलची बहीण फॅनी आणि त्यांचा मित्र बेनविक यांचं लग्न ठरलेलं. बेनविक समुद्रावर असताना फॅनी वारली. ही बातमी त्याला सांगणार कोण? सख्ख्या भावाच्याने ते होईना. वेंटवर्थचं जहाज त्याच सुमारास प्लिमथला लागलेलं. त्याने रजेचा अर्ज केला, मंजुरीची वाट पाहिली नाही, रात्रंदिवस प्रवास करत पोर्ट्समथ गाठलं, तिथून होडी घालून बेनविकच्या जहाजावर गेला, आणि आठवडाभर त्याच्यापासून हलला नाही. आता हे वेंटवर्थच्या पानावर कुठे लिहिणार? नेव्ही लिस्टमध्ये याला रकाना नाही. दुसरी यादीसुद्धा इथवर येऊन अपुरी पडते, आणि पुढचं मोजमाप ॲनला स्वतःच करावं लागतं.

याच्या शेजारी बाथमधलं घर ठेवून पाहावं. केलिंच भाड्याने दिल्यावर सर वॉल्टर आणि एलिझाबेथ तिथे मोठ्या थाटात राहतात. मस्ग्रोव्ह मंडळी, म्हणजे मेरीचं सासर, गावात येतात. एलिझाबेथपुढे पेच. जेवायला बोलावलं पाहिजे. पण जेवायला बोलावलं की नोकर कमी झालेत, ताटातला थाट उतरलाय, हे दिसणार, आणि तेही ज्यांच्यापुढे आपण नेहमी वरचढ राहिलो त्यांना. मग ती मनाची समजूत घालते: जेवणं देणं ही खेड्यातली जुनी रीत, बाथमध्ये कोण देतं? त्यापेक्षा संध्याकाळी पत्त्यांची बैठक करू, ते नवीन आणि शोभिवंत. हार्विलकडे जागा नाही आणि बोलावणं आहे. इथे जागा भरपूर आहे, पण पंगत मांडायची हिंमत नाही.

त्याच सर वॉल्टरना आपल्या चुलतघराण्यातल्या व्हायकाउंटेस लेडी डॅलरिम्पल बाथला आल्याचं कळतं आणि घराची झोप उडते. मध्यंतरी संबंध तुटलेले. व्हायकाउंट गेले तेव्हा सर वॉल्टर आजारी होते, समाचाराचं पत्र राहून गेलं. त्याची परतफेड म्हणून इकडे सर वॉल्टरच्या पत्नी लेडी एलियट गेल्या तेव्हा तिकडून पत्र आलं नाही. भावकीतल्या रुसव्याफुगव्यांत वाढलेल्या मराठी वाचकाला यात काही समजावून सांगावं लागू नये. सर वॉल्टर खुलासा, खेद आणि विनवणी असलेलं लांबलचक पत्र पाठवतात. उत्तरादाखल तीन ओळी गिरबटलेल्या येतात, आणि तेवढ्याने घर उजळतं. मग भेटेल त्याला ऐकवणं सुरू: आमच्या चुलत बहीण लेडी डॅलरिम्पल. प्रत्यक्षात ती बाई आणि तिची मुलगी कशा? सामान्य. बुद्धी नाही, बोलण्यात काही नाही. मुलगी तर इतकी ओबडधोबड की तिच्या जागी दुसरी कुणी असती तर दारातूनच परत पाठवली असती. ॲनला प्रथमच आपल्या माणसांत थोडा अभिमान असता तर बरं झालं असतं, असं वाटतं. ज्यांची आयुष्यभर घमेंड सोसली त्यांना लाचार होताना बघण्याची ही शरम आहे, आणि शेवटच्या प्रकरणातल्या तिच्या कमीपणाची मुळं इथे रुजतात.

नेमक्या याच दिवसांत ॲनला शाळेतली जुनी मैत्रीण भेटते. मिसेस स्मिथ विधवा आहे, संधिवाताने पाय गेलेत, नवऱ्याने पैसा घालवलाय, आणि ती राहते वेस्टगेट बिल्डिंग्ज नावाच्या, बड्या लोकांनी नाव न घ्यावं अशा वस्तीत. लेडी डॅलरिम्पलचं बोलावणं आणि मिसेस स्मिथला दिलेला शब्द एकाच संध्याकाळी येतात. ॲन मैत्रिणीकडे जाते. सर वॉल्टर तडकतात: कुठली कोण मिसेस स्मिथ, आडनाव तरी काय, तीस-चाळिशीची कंगाल विधवा! आणि हे बोलत असताना त्यांच्याच दिवाणखान्यात मिसेस क्ले बसलेली आहे. वकील शेफर्डची मुलगी, तिशी ओलांडलेली, विधवा, पैसा नाही, आडनावात काही दम नाही, आणि सर वॉल्टरच्या घरात कायमची पाहुणी. ॲन काही बोलत नाही. बाथमध्ये अशी विधवा एकटी मिसेस स्मिथ नाही, हे बापाचं बापाने आठवावं म्हणून ती विषय सोडून देते. ऑस्टिनचे टोले असे असतात; वाचणाऱ्याला थोड्या उशिराने लागतात.

मेरीबद्दल फार लिहीत नाही. ती बापाची प्रत आहे, छोट्या आकारातली. बॅरोनेटची मुलगी म्हणून सासूच्या पुढे चालण्याचा मान मागते, आणि नणंदेचं लग्न शेतीवाडीतल्या हेटर घराण्यात ठरू बघतं तेव्हा टेकडीवरून मावससासूच्या घराकडे उतरायलाही तयार होत नाही. तिचा नवरा मात्र उतरतो. अप्परक्रॉसच्या जुन्या लोकांत साधेपणा आहे, पोरांचा गलका आहे, आणि ॲनने एके काळी त्या घरच्या मुलाला नकार दिला असला तरी त्याबद्दल तिच्यावर कुणाचा राग नाही. वर्गाच्या जिन्यावर ते एलियटांच्या एक पायरी खाली आहेत, आणि ऑस्टिनला तिथली हवा जास्त मानवते हे लपत नाही.

केलिंच हॉलमध्ये मात्र जरा थांबलं पाहिजे. तिथे भाडेकरू म्हणून येतो ॲडमिरल क्रॉफ्ट, ट्रफाल्गरला लढलेला, आणि त्याची बायको, वेंटवर्थची सख्खी बहीण. मिसेस क्रॉफ्ट पंधरा वर्षांच्या संसारात चारदा अटलांटिक ओलांडून आलीय, एकदा ईस्ट इंडीजला जाऊन आलीय, आणि नवऱ्याबरोबर जहाजावर असताना ती कधी आजारी पडली नाही. बग्गी हाकणारा ॲडमिरल खांबावर आदळू लागला की ती शांतपणे लगाम आपल्या हाताने वळवते. घरात त्यांनी केलेले बदल मोजकेच: छत्र्या ठेवायची जागा बदलली, कपडे धुण्याच्या खोलीचं दार सुधारलं, आणि सर वॉल्टरच्या खोलीतले मोठाले आरसे बाहेर काढले. ॲडमिरल म्हणतो, इतके आरसे की स्वतःपासून सुटका म्हणून नाही. ॲनला माहेर परक्याच्या ताब्यात गेल्याचं दुःख व्हायला हवं. तिचं मन कबूल करतं की ज्यांची तिथे राहायची लायकी नव्हती ते गेले, आणि घर मालकांपेक्षा चांगल्या हातांत पडलं. 1817 सालच्या इंग्लंडमध्ये, एका बॅरोनेटच्या मुलीच्या मनात हे घालणं ही लहान गोष्ट नव्हे.

या सगळ्या मांडणीत ॲनची वडीलधारी मैत्रीण लेडी रसेल बसवणं कठीण जातं, आणि म्हणून मला ती आवडते. ॲनला आठ वर्षांपूर्वी नकाराची गळ घालणारी तीच. कुळ, मान, रिवाज यांचा तिच्यावर पगडा आहे. बाथला येऊन ॲनच्या मागे लागलेल्या विल्यम एलियटची चालरीत गोड, म्हणून तो भला, असं ती धरून चालते. पण आईवेगळ्या ॲनला माया मिळाली ती हिच्याचकडून. ऑस्टिन तिला खलनायिका करत नाही. उलट ॲन वेंटवर्थला सांगते की सल्ला चुकला असेल, पण मी तो मानला हे चुकलं नाही. मग वेंटवर्थला स्वतःची आठवण होते. 1808 मध्ये त्याच्या हातात काही हजार पौंड होते, लॅकोनियावर नेमणूक झाली होती. तेव्हा एक पत्र टाकलं असतं तर? त्याने टाकलं नाही, अभिमानाने. सहा वर्षं वाया गेली ती त्याच्या ताठ्यामुळे. त्यात सर वॉल्टरचं पुस्तक नव्हतं, लेडी रसेलही नव्हती. माणसं दुरावायला घराणंच लागतं असं नाही.

पत्राचं आलं म्हणून सांगतो. ऑस्टिनने ही कादंबरी 1816 च्या जुलैत संपवली, आणि मग शेवट तिला पटला नाही. पहिल्या खर्ड्यात दोघांची भेट ॲडमिरल क्रॉफ्टच्या बिऱ्हाडात, गैरसमजातून, जराशी नाटकी अशी होते. महिनाभरात तिने ते फिरवून लिहिलं. रद्द केलेली ती प्रकरणं तिच्या हस्ताक्षरात ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिने पूर्ण केलेल्या आणि छापल्या गेलेल्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितातला एवढाच तुकडा उरलाय. नव्या मांडणीत एका खोलीत वेंटवर्थ टेबलापाशी पत्र लिहीत बसलेला, आणि खिडकीशी ॲन आणि हार्विल बोलताहेत: जास्त काळ निष्ठा कोण धरतं, पुरुष की बाई? हार्विल म्हणतो, पुस्तकं तर सगळी बायकांच्या चंचलपणाची साक्ष देतात. ॲन म्हणते, पुस्तकांचे दाखले नकोत, लेखणी आजवर पुरुषांच्या हातात राहिलीय. याच्या थोडं आधीच वेंटवर्थची लेखणी खाली पडलेली असते. तो ऐकत होता. आणि मग तिथल्या तिथे, दुसऱ्या पत्राच्या आडून, तो तिला लिहितो.

लेखणीचं हे बोलणं सहसा स्त्रियांच्या बाजूने घेतलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण पुस्तकांवर विसंबू नका असं ॲन म्हणते तेव्हा तिच्या मनात कुठली पुस्तकं असतील? तिच्या घरी एकच पुस्तक वाचलं जायचं. त्यात तिच्यापुरतं जेवढं लिहिलंय तेवढ्यावर तिची किंमत ठरली. शेवटी सर वॉल्टर लेखणी सरसावून तिचं लग्न त्या पानावर चढवतात, तेही खळखळ न करता. वेंटवर्थ दिसायला चांगला आहे, पैसेवाला आहे, आणि आता तो कुणीच नाही असं म्हणता येत नाही. ॲनच्या मनाला याचं समाधान झाल्याचं ऑस्टिन लिहीत नाही. तिला अभिमान वाटतो तो खलाशाची बायको असल्याचा, आणि त्या धंद्याचा कर म्हणून पुढच्या लढाईची धास्तीही ती पत्करते. कथा संपते ती 1815 च्या सुरुवातीला. फेब्रुवारीच्या अखेरीस नेपोलियन एल्बाहून निसटला, हे मूळ वाचकांना सांगायची गरज नव्हती.

भावांच्या आधारावर जगणं म्हणजे काय हे लेखिकेला पुस्तकांतून शिकायचं नव्हतं. 1805 मध्ये वडील गेले आणि आई व दोन मुली मुलांनी लावून दिलेल्या वर्षासनावर आल्या. फ्रान्सिसने वर्षाला शंभर पौंड देऊ केले, आईने पन्नासच घ्यायचे ठरवले. पुढची काही वर्षं त्या त्याच्याच घरी, साउदॅम्प्टनला राहिल्या. खलाशी भाऊ हे नातं तिने जवळून घेतलं होतं, त्याच्या उबेसकट आणि ओझ्यासकट. म्हणून तिच्या आरमारी माणसांत देवपण नाही. बेनविक तर फॅनीचं दुःख वर्षभरात विसरून दुसरीशी लग्न ठरवतो.

आता ॲनच्या यादीतली दोन नावं. लेडी रसेलशी वेंटवर्थला जमवून घ्यावं लागतं, आणि तो जमवतो. मिसेस स्मिथशी जमवायची गरजच नसते. तिच्या नवऱ्याची वेस्ट इंडीजमध्ये काही मालमत्ता अडकली आहे. विल्यम एलियट मृत्युपत्राचा व्यवस्थापक असून त्याने हात हलवला नाही. वेंटवर्थ तिच्या वतीने पत्रं लिहितो, खटपट करतो, आणि ती सोडवतो. वेस्ट इंडीजमधली मालमत्ता म्हणजे त्या काळी बहुतकरून ऊस आणि गुलाम, आणि ऑस्टिन तिथे एका शब्दानेही थांबत नाही. माझ्या वाचनात हे खटकतं. ज्या कादंबरीने याद्यांच्या पलीकडच्या माणसांची किंमत इतक्या बारकाईने मोजली, तिच्या हिशेबात ही गुलाम माणसं आलीच नाहीत.

राहता राहिला विल्यम एलियट, पहिल्या पुस्तकाचा अधिकृत वारस. तरुणपणी त्याने एका खाटकाच्या नातीशी तिच्या पैशासाठी लग्न केलं होतं, आणि मिसेस स्मिथच्या आठवणीप्रमाणे तो उघड म्हणायचा की बॅरोनेटपद विकता आलं असतं तर नाव, मुद्रा, नोकरांच्या गणवेशासकट पन्नास पौंडांत कुणालाही दिलं असतं. म्हणजे पहिल्या जेम्सच्या भावापेक्षा बरंच स्वस्त. आता पैसा मिळाल्यावर त्याला 'सर विल्यम' व्हायची हौस आलीय. मिसेस क्ले सर वॉल्टरला गटवून लेडी एलियट होईल, तिला मुलगा होईल आणि आपला वारसा बुडेल, या धास्तीने तो बाथला पहारा द्यायला आला होता. ॲन हातची गेल्यावर त्याने दुसरा उपाय केला: मिसेस क्लेलाच बापलेकींपासून फोडून लंडनला नेऊन ठेवलं. आता दोघांत जास्त लबाड कोण ठरणार हे ऑस्टिन सांगत नाही. शक्यता अशी आहे की सर वॉल्टरची बायको होऊ नये म्हणून जिला उचलली, तीच गोड बोलून सर विल्यमची बायको होईल, आणि केलिंचच्या पुढच्या लेडी एलियटला गालावर ठिपके असतील आणि एक दात पुढे असेल.